बाराव्या नंबरची पोरगी



चांदूर रेल्वे तालुक्यातल्या आणि आसपासच्या गावांतल्या सगळ्या बचत गटांच्या ताया, मावश्या, काकू, आज्या आणि शाळेतून नुकत्याच घरी आलेल्या मुली, सगळ्यांना माझा नमस्कार. आत्ता कोणी कापूस वेचून घरी आल्या असतील, कोणी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या असतील. हातातलं काम चालू राहू द्या. कान तेवढा इकडे ठेवा.

मागच्या वेळी मी गटाच्या कर्जफेडीबद्दल बोलले होते. आज खेळाबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, ताईले काय झालं, बचत गट सोडून खो-खोवर कुठं आली? थोडं ऐकून घ्या. फिरून पुन्हा गटावरच येणार आहे.

पोळ्यानंतरची गोष्ट. एका गावात गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीत नोंद झाली, सह्या झाल्या. उठायच्या वेळी एका ताईनं मला बाजूला घेतलं. म्हणाली, "ताई, तुमी शिकलेल्या आहा, तुमीच सांगा. पोरगी आठवीत हाय. शाळेच्या खो-खोच्या टीममधी हाय म्हणते. रोज सहा वाजेपर्यंत थांबते. पण तिले खेळवतच नाहीत व! नुसती बाहेर बसून राह्यते. बसाचंच हाय तं घरी बस ना माय. लहान्या भावाले तं पाहशीन. नाव काढून टाकू का तिचं?"

मी तेव्हा तिला उत्तर दिलं नाही. "पुढच्या बैठकीत सांगते," म्हटलं. खरं सांगायचं तर मला पटकन बोलताच आलं नाही. कारण ती बाहेर बसणारी पोरगी म्हणजे मीच होते.

आता आधी खेळ समजून घेऊ. आपण सगळ्यांनीच लहानपणी खो-खो खेळलेला आहे, पण गल्लीतला खेळ वेगळा आणि स्पर्धेतला वेगळा. शाळेच्या संघात बारा मुली असतात. नऊ जणी मैदानात उतरतात आणि तिघी राखीव बसतात. मैदानाच्या दोन टोकांना दोन खांब. त्या दोन खांबांच्या मधल्या पट्टीवर आठ चौकोन. आठ चौकोनांत आठ जणी बसतात, एक पूर्वेकडे तोंड करून, दुसरी पश्चिमेकडे, तिसरी पुन्हा पूर्वेकडे. नववी पाठलाग करते. समोरच्या संघाच्या तिघी एका वेळी पळायला येतात. त्या तिघी बाद झाल्या की पुढच्या तिघी येतात. पळणारीला बसलेल्या मुलींच्या मधून इकडून तिकडे जाता येतं. पाठलाग करणारीला मात्र मधली पट्टी ओलांडता येत नाही. एकदा एक दिशा धरली की तिला माघारी वळताही येत नाही. पळणारी पलीकडे गेली, तर हिनं काय करायचं? बसलेल्या मुलीच्या पाठीला हात लावायचा आणि मोठ्यानं "खो" म्हणायचं. मग ती उठते आणि पाठलाग करते, आणि ही तिच्या जागी बसते.

यातली गंमत लक्षात आली का? कितीही वेगानं पळणारी मुलगी असू द्या, ती एकटी कोणालाच पकडू शकत नाही. तिला खो द्यावाच लागतो. आणि जिला खो दिला ती उठायला उशीर करत असेल, तर वेगवान मुलीची सगळी मेहनत तिथंच वाया जाते. समोरचा संघ हेच हेरतो. कोणत्या चौकोनात कच्ची मुलगी बसली आहे हे दोन मिनिटांत कळतं. मग पळणारी त्याच मुलीच्या आजूबाजूनं नागमोडी फिरत राहते. खो-खोत तिला साखळी घालणं म्हणतात. आणि घड्याळ पुढं सरकत राहतं. मोठ्या गटात नऊ मिनिटांचा डाव असतो. त्यातली तीन मिनिटं एका कच्च्या चौकोनापाशी गेली, तर सामनाच गेला समजा.

म्हणून खो-खोच्या संघात कच्च्या मुलीला शिकवणं म्हणजे तिच्यावर उपकार करणं नव्हे. संघाला ते करावंच लागतं. कच्चीला टाकून पक्क्यांचंही चालत नाही.

आता माझं सांगते. वीस-बावीस वर्षांपूर्वी मी इथंच एका शाळेत आठवीत होते. अंगानं बारीक होते, आणि दोन फेऱ्या मारल्या की दम लागायचा. तोंडाला कोरड, छातीत धडधड, डोळ्यांपुढे अंधारी. आमच्या वर्गातल्या अकरा मुली चांगल्या पळणाऱ्या होत्या. बारावी कोणी मिळेना. संघाचं नाव पाठवायला बारा नावं लागत होती, म्हणून माझं नाव लिहिलं. मला कोणी निवडलं नव्हतं. यादीतली एक ओळ रिकामी होती, ती माझ्या नावानं भरली.

मुली मला "बारावी" म्हणायच्या. मैदानावर माझं काम म्हणजे पाण्याची कळशी भरणं, फकीनं म्हणजे चुन्यानं रेघा मारणं आणि सगळ्यांच्या चपला सांभाळणं. घरी आईला मी सांगायची, आज मी खूप पळले. खोटं सांगायची. बाहेर बसून राहिले असं सांगितलं असतं, तर दुसऱ्या दिवसापासून पाठवलं नसतं हे मला ठाऊक होतं.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम अमरावतीला शारीरिक शिक्षण शिकून आल्या होत्या. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ तुम्हाला माहीत आहेच. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेली ती संस्था. १९३६ साली जर्मनीत बर्लिनला ऑलिंपिक झालं, तेव्हा याच मंडळाची मंडळी तिथं गेली होती आणि आपले देशी खेळ त्यांनी जगाला करून दाखवले होते. मॅडम आम्हाला हे सांगायच्या आणि म्हणायच्या, "आपल्या अमरावतीच्या मातीतला खेळ बर्लिनपर्यंत गेला, आणि तुम्हाला अमरावतीपर्यंत जायचा कंटाळा येतो!" जिल्ह्याची स्पर्धा अमरावतीला असायची. तालुका जिंकला तरच तिथं जायला मिळायचं.

त्या वर्षी तालुक्याचा शेवटचा सामना होता. सकाळी आमच्यातल्या एकीला सडकून ताप भरला. बाकीच्या दोन राखीव मुलींपैकी एकीचा पाय मुरगळलेला, आणि दुसरी तापवालीच्या जागी गेली. दुसऱ्या डावात आणखी एक मुलगी गुडघा फोडून घेऊन बाहेर आली. आता मीच उरले होते. मॅडमनं माझ्याकडे पाहिलं. "जा," म्हणाल्या.

मी चौकोनात बसले. हातपाय कापत होते. शेवटचं मिनिट चालू होतं आणि आम्हाला दोन गडी हवे होते. आमची कप्तान एका मुलीच्या मागे होती, अगदी हातभर अंतरावर. ती माझ्या दिशेनं येते आहे हे मला पावलांवरून कळलं. आणि मी घाबरून, तिचा हात पाठीला लागायच्या आधीच उठले.

पंचांची शिट्टी वाजली. फाऊल. फाऊल झाला की पाठलाग करणाऱ्या संघाला उलट दिशेनं जावं लागतं. तेवढ्यात ती मुलगी निसटली. आम्ही हरलो.

परत येताना कोणी माझ्याशी बोललं नाही. चपला सांभाळायचं काम नेहमी माझं, पण त्या दिवशी कोणी माझ्या हातात चपलाही दिल्या नाहीत. ते मला सगळ्यात जास्त लागलं. घरी आले आणि आईला म्हटलं, मी उद्यापासून जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मॅडमनं बोलावलं. मला वाटलं, एक तर रागावतील, नाहीतर पाठीवर हात फिरवून "जाऊ दे, होतं असं" म्हणतील. त्यांनी दोन्ही केलं नाही. त्यांनी माझी डोळ्याखालची पापणी खाली ओढून पाहिली. नखं पाहिली. म्हणाल्या, "तू आळशी नाहीस. तुझ्या अंगात रक्त कमी आहे. आईला घेऊन सरकारी दवाखान्यात जा." आणि मग म्हणाल्या, "तुझा पाय चुकला नाही, कान चुकला. पाठीनं ऐकायला शिकावं लागतं. उद्यापासून अर्धा तास आधी यायचं."

तपासलं तर खरंच रक्त कमी होतं. गोळ्या सुरू झाल्या. आईनं लोखंडी कढईत भाजी करायला सुरुवात केली. आणि मी रोज अर्धा तास आधी मैदानावर. मॅडम मला चौकोनात बसवायच्या, डोळे मिटायला लावायच्या आणि मागून पावलं वाजवत यायच्या. कधी हात लावायच्या, कधी नुसतंच "खो" ओरडायच्या, कधी हात लावून गप्प राहायच्या. हात आणि आवाज दोन्ही मिळाले तरच उठायचं. पहिल्या आठवड्यात दहात सात वेळा चुकले. महिन्यानं दहात एक.

मग त्यांनी दुसरी गोष्ट केली. कप्तानला म्हणाल्या, "हिला रोज दहा मिनिटं तू शिकवायचं. ही चुकली तर फेरी तू मारायची." कप्तान आधी फार चिडली. माझ्या चुकीसाठी ती फेऱ्या मारायची आणि माझ्याकडे रागानं बघायची. पण आठ-दहा दिवसांनी तिच्या लक्षात आलं की ती स्वतः खो फार हळू आवाजात देते, म्हणून समोरची गोंधळते. शिकवता शिकवता तिची स्वतःची चूक तिला सापडली. ती पळण्यात सगळ्यांत पुढं होती, त्यामुळे आजवर तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं.

तिसरी गोष्ट. सामना चालू असताना राखीव बसलेल्या आम्हा तिघींना त्यांनी वही-पेन्सिल दिली. समोरच्या संघाची कोणती मुलगी साखळी घालते, कोणती खांबापाशी रेंगाळते, कोणती दमली की डावीकडेच वळते, ते लिहायचं. डाव संपला की ती वही कप्तानच्या हातात. बाहेर बसणं हे तेव्हापासून नुसतं बसणं राहिलं नाही. ते काम झालं.

पुढच्या वर्षी मी पहिल्या नऊ जणींत होते. फार मोठी खेळाडू झाले असं सांगणार नाही, कारण झालेच नाही. खांबावर सूर मारून गडी टिपणं मला शेवटपर्यंत जमलं नाही. पण माझ्या चौकोनापाशी साखळी घालायला कोणी येत नव्हतं. त्या वर्षी आम्ही तालुका जिंकलो आणि अमरावतीला गेलो. तिथं पहिल्याच सामन्यात हरलो. पण मी बिनधास्त बसमध्ये खिडकीत बसून आले आणि सगळ्यांच्या चपला आम्ही सगळ्याजणींनी मिळून सांभाळल्या.

आता मैत्रिणींनो, मी कबूल करते ते ऐका. इतकं सगळं शिकूनही मी ते विसरले.

सहा-सात वर्षांपूर्वी, मी या कामात नवी होते. एका गटाचं बँक कर्जाचं प्रकरण तयार होत होतं. अकरा बायका, महिन्याला शंभर रुपये बचत. दहा जणींची बचत वेळेवर, एकीची चार महिने आलेली नाही. बैठकीलाही येत नव्हती. बाकीच्या म्हणाल्या, "ताई, हिच्यापायी आपलं कर्ज अडीन. काढून टाका." बँक वही पाहणार, बैठका पाहणार, परतफेड पाहणार, हे मलाही ठाऊक होतं. आपला गट तालुक्यात चांगला दिसावा असं मलाही वाटत होतं. मी ठराव लिहायला सांगितला. माझ्याच पेनानं लिहिला गेला. तिची जमा रक्कम हिशोबानं परत केली. नियमानं सगळं बरोबर होतं.

नंतर कळलं. ती दुसऱ्या गावी कापूस वेचायला जायची. वेचणीचा हिशोब आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी व्हायचा, आणि आमची बैठक बाजाराच्या दोन दिवस आधी. तिच्या हातात त्या दिवशी पैसा नसायचाच. रिकाम्या हातानं बैठकीला यायची लाज वाटायची, म्हणून ती येत नव्हती. कोणी तिला विचारलं नाही. मीही नाही. बैठक तीन दिवस पुढे ढकलली असती, तर एवढ्यानं भागलं असतं.

ती आजही कधी बाजारात दिसते. मला पाहिलं की दुसऱ्या बाजूला वळते. मी एकदा तिच्या घरी गेले होते. तिनं चहा केला, चांगलं बोलली. पण गटात परत ये म्हटल्यावर म्हणाली, "नाही बाप्पा ताई, आता कायले? एकदा काढलं ना." त्यावर मला काही बोलता आलं नाही. हातात चपला न देणाऱ्या मुलींत मी कधी जाऊन बसले, ते माझं मलाच कळलं नव्हतं.

तेव्हापासून मी एक नियम केला. गटात कोणी मागे पडत असेल, तर तिला काढायचा ठराव येण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. हिला नेमकं काय जमत नाही? ते का जमत नाही? आणि हिच्याकडे गटाचं कोणतं काम आहे? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाला उत्तर "काहीच नाही" असं येतं. मग तिथूनच सुरुवात करायची. एका गटात अशाच एका मावशींना आम्ही पेटीची चावी दिली. त्या अंगठा लावायच्या, बोलायच्या नाहीत. चावी त्यांच्याकडे म्हटल्यावर बैठकीला यावंच लागायचं. चार महिन्यांनी त्या नोटा मोजू लागल्या, सहा महिन्यांनी सही शिकल्या. एकदा अध्यक्षांनी हिशोबात चूक केली, ती मावशींनी पकडली. अध्यक्ष आधी रुसल्या, मग हसल्या.

सगळ्यांचंच असं होतं असंही नाही. काही जणी खरोखरच पैसे बुडवतात, समजावूनही ऐकत नाहीत. तिथं गटाला कडक व्हावं लागतं. मैदानावरही शेवटच्या मिनिटाला मॅडम पक्क्या मुलीच उतरवायच्या. त्यात चूक काही नाही. फक्त त्याच्या आधी कच्चीला शिकायची संधी दिली होती का, एवढं आपण स्वतःला विचारायचं.

तर त्या ताईला मी पुढच्या बैठकीत काय सांगितलं? म्हटलं, "नाव काढू नका. पण तिला नुसतं पाठवूही नका. पाच गोष्टी करा." त्या पाच गोष्टी तुम्हालाही सांगते. ज्यांच्या घरी अशी मुलगी किंवा मुलगा आहे, त्यांनी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट, रक्त तपासा. सरकारची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी २०१९ ते २०२१ या काळात झाली. तिच्यात असं दिसलं की आपल्या देशात १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींपैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आहे. म्हणजे निम्म्याहून जास्त. मुलगी लवकर दमते, पायऱ्या चढताना धापा टाकते, चिडचिड करते, माती-खडू खाते, तर तिला आळशी म्हणू नका. उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. ते १२ च्या खाली असेल तर डॉक्टर सांगतील तसं औषध घ्या. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते, ती मुली पुष्कळदा खिशात घालून आणतात आणि फेकतात. ती जेवणानंतर घेतली का, ते विचारा. जंताची गोळीही चुकवू नका. पालक, मेथी, शेंगदाणा-गूळ, फुटाणे, बाजरीची भाकर हे आपल्या घरचंच आहे. जेवणाबरोबर लिंबू किंवा आपलं संत्रं खाल्लं तर लोह अंगाला जास्त लागतं. आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, चहानं लोह अडतं.

दुसरी गोष्ट, घरी आल्यावर "जिंकली का?" किंवा "आज तरी खेळवलं का?" असं विचारू नका. "आज नवीन काय शिकली?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला कच्ची मुलगी खोटं बोलते, जशी मी बोलायची. दुसऱ्या प्रश्नाला ती खरं सांगू शकते.

तिसरी गोष्ट, सरांना किंवा मॅडमला भेटा. भांडायला जाऊ नका. "माझ्या पोरीला का खेळवत नाही," असं म्हणू नका. "तिला नेमकं काय जमत नाही आणि आम्ही घरी काय करून घेऊ," असं विचारा. आपण शाळेत जातो ते बहुतेक तक्रार आली की. कधी अशा कामासाठी गेलात तर शिक्षकांनाही बरं वाटतं आणि त्यांचं लक्ष त्या मुलीकडे वळतं.

चौथी गोष्ट, पाळीच्या दिवसांत तिला घरात कोंडू नका. दुखत असेल तर आराम करू द्या, दुखत नसेल तर खेळू द्या. दप्तरात पॅड असू द्या. महिन्यातले पाच दिवस सराव चुकला की कच्ची मुलगी आणखी कच्ची राहते.

पाचवी गोष्ट, संध्याकाळची सोय. आपल्या कितीतरी मुलींचा खेळ सुटतो तो पाय कमजोर म्हणून नाही, अंधार पडतो म्हणून. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी एसटीचा मोफत पास आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पण शेवटची गाडी साडेपाचला गेली तर पास काय करणार? त्या गावात आम्ही असं केलं. चार मुली एकाच गावच्या होत्या. चार आयांनी पाळ्या लावल्या. एक दिवस एकीचा नवरा गाडीवर, एक दिवस दुसरीचा दीर, एक दिवस दोघी आया मिळून फाट्यापर्यंत चालत. आणि लहान्या भावाला त्या वेळेपुरतं शेजारची आजी पाहते. गटाच्या बैठकीत हे ठरलं. बचत गट पैशासाठीच असतो असं थोडंच आहे?

ती ताई म्हणाली, "आणि इतकं करूनही नाही खेळवलं तं?"

मी म्हटलं, "तरी तिचं नुकसान नाही."

हे मी उगीच समाधानासाठी म्हटलं नाही. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला ७८ विरुद्ध ४० असं हरवलं. कप्तान होती आपल्या महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. आपल्या मुलांच्या संघानंही त्याच दिवशी चषक जिंकला. गावागावांत मुलींनी मोबाईलवर तो सामना पाहिला. मलाही फार आनंद झाला. पण विश्वचषक खेळणाऱ्या मुली किती? बोटांवर मोजण्याइतक्या. आणि आपल्या तालुक्यातल्या शाळांच्या मैदानांवर बसणाऱ्या मुली किती? त्यातल्या बहुतेक जणी चषक कधीच हातात घेणार नाहीत. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण तेही वरच्या स्पर्धांत पोचलेल्यांना. मग बाकीच्यांना काय मिळतं?

मला काय मिळालं ते सांगते. चौकोनात बसून थांबायला शिकले. आपली वेळ आली की झटकन उठायला शिकले. आपलं काम झालं की दुसरीला जागा देऊन बसायलाही शिकले. आज बैठकीत पंधरा जणी एकदम बोलत असल्या, तर मी आधी ऐकते. बँकेत साहेबांसमोर उभी राहते तेव्हा माझे हात कापत नाहीत, कारण ज्या दिवशी कापायचे ते त्या मैदानावर कापून झाले. हरून आल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथंच जायचं, हे मला पुस्तकानं शिकवलं नाही.

आता त्या मुलीचं सांगते. नाव सांगत नाही, कारण तिची आई हा कार्यक्रम ऐकते.

तिचं हिमोग्लोबिन साडेनऊ निघालं. औषध चालू आहे. तिच्या सरांना आई जाऊन भेटली. सर म्हणाले, "ती खो चांगला घेते, पण उठल्यावर दिशा ठरवायला वेळ लावते." मग घरी अंगणात आईनं दोन विटा मांडल्या, आणि लहान भाऊ पळणारा झाला. तो चार वर्षांचा आहे. त्याला वाटतं हा खेळ त्याच्यासाठीच आहे. ज्या भावासाठी हिला घरी बसवायचं होतं, तोच आता रोज संध्याकाळी तिची वाट पाहतो.

यंदाच्या तालुका स्पर्धेत तिला एका सामन्यात उतरवलं. एका डावात, शेवटची चार मिनिटं. गडी एकही तिनं बाद केला नाही. सामनाही शाळा हरली. त्या दिवशी तिची आई मजुरी पाडून मैदानावर आली होती, पदरात शेंगदाणे बांधून. मीही गेले होते. सामना संपल्यावर मुलगी धावत आली. आई काही विचारायच्या आतच म्हणाली, "आई, मी अकरा वेळा खो घेतला. एकपण फाऊल नाही!"

आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "अकरा म्हणजे चांगलं असते का ताई?"

मी म्हटलं, "लय चांगलं असते."

घरी जाताना ती ताई त्या आठवड्याची मजुरी बुडाली म्हणून बोलली नाही. सरावाचे बूट कितीला येतात, ते विचारत होती.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत बचतीची नोंद झाली की दहा मिनिटं काढा. आपल्या गटातली बाराव्या नंबरची कोण, ते मनाशी पाहा. तिच्याकडे आज काय काम आहे, ते विचारा. नसेल तर त्याच दिवशी द्या. आणि काय झालं ते मला येऊन सांगा. पुढच्या कार्यक्रमात तुमचे अनुभव वाचून दाखवीन.

आजच्यापुरतं एवढंच. भाकरी करपत असेल तर आधी ती उलटा. नमस्कार.